आमचूरच्या पुड्या

मे महिन्याचा पहिला आठवडा आला की माझं निम्मं लक्ष रस्त्याकडे असतं. वसई स्टेशनाकडून येणाऱ्या रिक्षा, बस आणि टेम्पोंच्या गर्दीतून एक धुळीने माखलेली जीप आमच्या होळीच्या बाजारात वळते. टपावर ताडपत्री बांधलेली, मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने रेघोट्या मारलेल्या. आत माझे धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. उतरतात तेव्हा चौघांच्याही केसांचा रंग एकच असतो, मातीचा!

दीर आणि जाऊ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात धडगावच्या पुढे एका पाड्यावर काम करतात. भाऊजी मुलांचं वसतिगृह सांभाळतात. जाऊ नर्स आहे, ती दवाखाना बघते. पावरा आणि भिल्ल वस्ती, सिकलसेलची दुखणी, उशिरा पोचलेली बाळंतपणं. लग्न झाल्यापासून दोघं तिथेच आहेत. आमच्या वसईला मिशनरी काही नवीन नाहीत. 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच. आजही कुणाचा भाऊ फादर, कुणाची आत्या सिस्टर, असं घरोघरी असतं. पण फादर-सिस्टर सुट्टीला घरी येतात तेव्हा एकटे येतात. बायको-मुलांसकट मिशनवर गेलेलं कुटुंब आमच्या नात्यात हे एकच. त्यामुळे त्यांच्याशी कसं वागायचं, हे बरीच वर्षं आम्हाला नीटसं कळलंच नाही.

शेजारणी विचारतात, ‘‘आले का सुट्टीला?’’ मी हो म्हणते. पूर्वी मलाही ती सुट्टीच वाटायची. मे महिन्यात आमच्याकडे लग्नांचा सीझन, सगळे नातेवाईक एका मांडवात भेटतात, झाडाला आंबे-फणस असतात. दोन दिवस राहून हे लोक पुढे निघायचे. मुंबई, पुणे, नगर करत जूनच्या आत परत सातपुड्यात. मला वाटायचं, मजा आहे बुवा यांची, गावोगाव पाहुणचार!

आणि आमचा पाहुणचार तरी काय होता? निघताना मी जुन्या कपड्यांचं एक मोठं गाठोडं जीपमध्ये टाकायचे. वर्षभर कपाटाच्या तळाशी साठवलेलं. ‘‘तिकडे उपयोगी पडतील,’’ म्हणायचे. एका वर्षी रात्री पाणी प्यायला उठले, तर जाऊ ओटीवरच्या दिव्याखाली बसून त्या गाठोड्यातल्या शर्टांना बटणं लावत होती. मला बघून म्हणाली, ‘‘झोपा ताई, दोनच राहिलेत.’’ दोन कसले, पुढ्यात ढीग होता. बटणं नसलेले शर्ट मी दान म्हणून दिले होते! त्या रात्री तिच्या बाजूला बसून मीही सुईत दोरा ओवला. पण लाज वाटली ती वाटलीच.

2023च्या मे महिन्यात भाऊजींची कंबर धरली. गाडी चालवणं त्यांना भाग होतं, पण सामान उचलणं, मुलांना सांभाळणं, वाटेत चहा-नाश्त्याचं बघणं यासाठी कुणीतरी हवं होतं. माझी मुलं आता मोठी झालीत. आमचे हे म्हणाले, ‘‘तू जा की! समाजकार्याच्या मीटिंगा इथे रोजच्याच आहेत.’’ (यात टोमणा होता, पण मी तो सोयीस्करपणे गिळला.) अशी मी त्यांच्या ‘फेरी’ला निघाले. त्यांच्या घरात फेरी हाच शब्द आहे, सुट्टी नाही.

फेरीची तयारी बघून मी थक्क झाले. एक वही. तिच्यात गावांप्रमाणे नावं, कुणी किती वर्षं मदत केली, कुणाच्या घरी आजारपण झालं, कुणाची मुलगी परदेशी गेली, याच्या नोंदी. एक पावतीपुस्तक. फोटोंसाठी जुना लॅपटॉप. आणि चार पिशव्या भरून आमचूर! धडगावचा भाग आमचूरसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात बायका कच्च्या कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात. जाऊबाई तो पाड्यावरच्या बायकांकडून रोख पैसे देऊन घेते आणि प्रत्येक घरासाठी पुड्या बांधते. ‘‘रिकाम्या हाताने मागायला जाऊ नये,’’ ती म्हणते. आमच्याकडून पिशवीत सुकेळी पडली. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली आमची वसईची सुकेळी तिकडच्या मुलांना फार आवडतात.

आता कुणी विचारेल, एवढ्या वणवण फिरण्याची गरज काय? मीही विचारलं. तर भाऊजींनी गाडी चालवता चालवता सांगितलं. पूर्वी एक मोठी संस्था तिला परदेशातून आलेल्या निधीतला काही भाग त्यांच्या छोट्या संस्थेला द्यायची. 2020 साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि एका संस्थेला आलेले असे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळते करण्यावर बंदी आली. त्यातच करोना. दोन वर्षं फेरीही बंद. ‘‘तेव्हापासून वहिनी, आमचं वसतिगृह या वहीवर चालतं,’’ ते म्हणाले. वही माझ्या मांडीवर होती. मी ती जरा घट्ट धरली.

पहिला मुक्काम ठाण्याला. निघताना गंमत झाली, म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटली. पुतणीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता. मी तिला वसईतून नवे सँडल घेऊन दिले होते, जरा उंच टाचेचे, चमकदार पट्ट्यांचे. ठाण्याच्या सोसायटीत गाडी लावली आणि जाऊ हळूच तिला म्हणाली, ‘‘इथे जुन्या चपला घाल गं. सँडल नंतर घाल.’’ पोरीने एक शब्द न बोलता सँडल काढले, पिशवीत घातले. अंगठ्याला शिवलेल्या चपला घालून ती लिफ्टमध्ये शिरली.

घर चांगलं होतं, माणसंही चांगली. सरबत आलं, खाणं आलं. लॅपटॉपवर फोटो झाले. मग यजमानीणबाई म्हणाल्या, ‘‘मुलांनो, ते तुमचं आदिवासी गाणं म्हणा ना! मागच्या वेळी काय गोड म्हटलं होतं!’’ नऊ वर्षांचा बाबू उभा राहिला. पुतणीही उभी राहिली. दोघांनी पावरी बोलीतलं गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या, मोबाइलवर व्हिडीओ झाला. पाकीट मिळालं, पावती फाडली, ‘‘ऐंशी जी मिळेल ना?’’ हेही झालं. निघताना आमचूरची पुडी.

अशी एका दिवसात तीन घरं झाली. तिसऱ्या घरातून खाली उतरताना पुतणी मला म्हणाली, ‘‘काकू, आम्ही दर वर्षी तेवढेच गरीब दिसायला पाहिजे का?’’

मी काय सांगणार! वीस वर्षं महिला मंडळात भाषणं करते मी, पण जिन्यात उभ्या असलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने ते सँडलचं सांगितलं नाही, मीही काढलं नाही. बाबू मात्र मजेत होता. त्याला प्रत्येक घरात आइस्क्रीम मिळत होतं.

तोच बाबू मला गाडीत चिडवायचा. ‘‘काकू, तुमच्या गावाचं नाव होळी, आणि होळीला तिथे असतं काय? रिक्षा!’’ त्यांच्याकडे अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. रात्रभर ढोल, उंचच उंच बांबू, मोरपिसांचे टोप घालून नाचणारे लोक. तो ज्या थाटात वर्णन करत होता ते ऐकून वाटलं, या पोराने हेच लोकांना सांगावं, कशाला ते एकच गाणं! पण कुणी विचारतच नव्हतं. दोन प्रश्न मात्र हमखास व्हायचे. ‘‘तिकडे वाघ आहेत का?’’ आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, ‘‘तिकडे लोकांना ख्रिस्ती करता ना तुम्ही?’’ जाऊबाईचं उत्तर ठरलेलं, ‘‘मी बाळंतपणं करते.’’ एवढंच बोलून ती चहा प्यायला लागायची.

पुण्यात तीन दिवस गेले. सगळं सांगत बसत नाही. एका बंगल्यात आम्हाला फाटकाशीच चाळीस मिनिटं उभं केलं, दुसऱ्या घरी हिशेबाचा असा कीस काढला की भाऊजींना घाम फुटला. हिशेब मागावा, मागायलाच हवा, पण मुलांसमोर चोराला विचारतात तसा नव्हे. एक घर मात्र सांगायलाच हवं.

सदाशिव पेठेतला जुना वाडा, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. ख्रिस्ती नव्हेत. कुठल्याशा शिबिरात भाऊजींचं बोलणं ऐकलं, तेव्हापासूनचा संबंध. आम्ही पोचलो सकाळी दहाला. लॅपटॉप काढायला लागलो तर म्हणाल्या, ‘‘ठेव रे ते. ही पोरगी किती दिवस झोपली नाही?’’ आणि जाऊबाईला थेट आतल्या खोलीत नेऊन पंख्याखाली आडवं केलं, दार ओढून घेतलं. जाऊ दीड वाजेपर्यंत झोपली! तोवर बाईंनी बाबूला पत्त्यांचा डाव शिकवला, पुतणीला विचारलं, ‘‘काय वाचतेस? पुढे काय करणार?’’ सबंध फेरीत तिला हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. माझ्यासकट!

पुतणी म्हणाली, ‘‘मला एका जागी राहून शिकायचंय.’’ आम्ही सगळे ऐकत होतो. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले.

जेवणं झाली, वरणभात, बटाट्याची भाजी, ताक. मग बाईंनी कपाटातून बारा पाकिटं काढली. प्रत्येकावर महिन्याचं नाव, जून ते मे. प्रत्येकात पाचशे रुपये. पेन्शन आली की एक पाकीट भरायचं, असा नेम. ‘‘ऑनलाइन पाठवता आलं असतं, पण मग तुम्ही आला नसता,’’ म्हणाल्या. आमचूरची पुडी हुंगून बघितली आणि लगेच एका बरणीत भरली. गाणं म्हणायला सांगितलंच नाही. तर जिना उतरताना बाबू मला विचारतो, ‘‘आज गाणं का नाही म्हटलं? आजींना आवडलं असतं.’’

पुण्याहून नगरला जाताना सोलापूर रस्त्याने चौफुल्याला वळून गेलं की वाटेत केडगाव लागतं. तिथे चाक पंक्चर झालं. दुपारचे दोन, रस्त्यावर उन्हाच्या झळा. पंक्चर काढेपर्यंत मी म्हटलं, इथे आलोच आहोत तर पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघू या. बी.ए.ला असताना रमाबाईंवर वाचलेलं थोडंफार अजून डोक्यात आहे. बाकीचे दमले होते. पुतणी तेवढी माझ्याबरोबर आली.

झाडांच्या सावलीतून चालताना मी तिला सांगत होते. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली इथे आणल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं, छापखाना चालवायला शिकवला. त्याच्या आधीची गोष्ट ऐकताना मात्र ती थांबली. 1886 साली डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून गेल्या. बरोबर मुलगी मनोरमा, अजून पाचही पूर्ण न झालेली. रमाबाई तिथेच राहिल्या आणि गावोगाव भाषणं देत हिंडल्या. भारतातल्या विधवांसाठी शाळा काढायची होती, त्यासाठी मदत गोळा करत. 1887 साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं तेही त्यासाठीच. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. त्या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

‘‘म्हणजे त्यांची पण फेरीच!’’ पुतणी म्हणाली. मग लगेच, ‘‘आणि मनोरमा? ती पण स्टेजवर उभी राहायची?’’

मी सांगितलं, नाही, मनोरमाला त्यांनी इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे परत पाठवलं होतं. तिथे तिला आई पत्रं लिहायची, अमेरिकेत काय काय बघितलं ते लहान मुलीला कळेल असं लिहून. ती पत्रं आज छापलेली आहेत. पुढे मोठी होऊन मनोरमाबाई आईच्याच कामात आल्या. 1921 साली त्या वारल्या आणि वर्षभराच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही गेल्या.

पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तिला विचारलं असेल का कुणी, तुला कुठे राहायचंय म्हणून?’’ गाडीकडे परत येताना तिने पिशवीतून सँडल काढले आणि घातले. उंच टाचा, खडीचा रस्ता, दोनदा पाय मुरगळला. तरी काढले नाहीत.

नगर हे जाऊचं माहेर. (तेव्हा अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर.) बायकांच्या शिक्षणाच्या दृष्टीने हे गाव मोठं. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई लग्न न करता एकटी 1827 साली मुंबईला आली आणि 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली, शेवटपर्यंत, 1862 पर्यंत. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे तिच्याकडेच घेतले. जाऊच्या घरात हा अभिमान आहे. ‘‘सलाम, सलाम!’’ करत सगळी गल्ली भेटायला आली. तिकडच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराला सलामच म्हणतात. दोन दिवस मटणाचा रस्सा, भाकरी, गप्पा. माहेरी तरी हिला विसावा मिळेल, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिच्या भावाच्या तोंडून निघालंच. ‘‘ताई, दर वर्षी तू येतेस आणि माझ्या ऑफिसातले लोक मला टाळायला लागतात. त्यांना वाटतं, बहीण आली म्हणजे पावतीपुस्तक आलं.’’ तो वाईट माणूस नाही. पोटात होतं ते ओठावर आलं. जाऊ ताटावरून उठली नाही, भाकरी तशीच कुस्करत राहिली. तिची आई पदराने डोळे पुसायला लागली. मुलं समोर.

रात्री आम्ही दोघी गच्चीवर झोपायला गेलो. वारा नव्हता. बऱ्याच वेळाने ती बोलली. ‘‘ताई, चौथ्या महिन्यापासून अंगणवाडीत नाव घातलेली एक पोर होती माझ्याकडे. सिकलसेलची. तीव्र दुखायला लागलं की रात्री तिला पाठीवर घेऊन तिचा बाप चालत यायचा, तीन तास. आता ती आठवीत आहे, आमच्या वसतिगृहात. तिच्यासाठी मी कुणाच्याही दारात उभी राहीन, मला काही वाटत नाही. पण माझ्या पोरीला मी जुन्या चपला घालायला लावल्या. ते तुम्ही बघितलंत ना?’’

‘‘बघितलं,’’ मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

‘‘नवे सँडल बघून एका घरी मागे बोलले होते. पैसे आम्ही देतो ते याच्यासाठी का, म्हणून.’’

मग मी माझ्या मनातलं बोलले. पोरीला अकरावीला आमच्याकडे ठेव. कॉलेज जवळ, घर मोठं, आम्ही दोघंच. ती एकदम ताठ झाली. तिला वाटलं मी तिला कमीपणा देतेय. ‘‘लोक म्हणतील, जगाच्या मुलांचं वसतिगृह चालवतात आणि स्वतःची मुलगी दुसऱ्याकडे!’’ आमचं चांगलंच वाजलं. मीही चिडून म्हटलं, दुसऱ्याकडे म्हणजे काय, मी कोण लागते तिची? खालून तिच्या आईने आवाज दिला, ‘‘अगं, झोपा गं पोरींनो!’’ दोघींची चाळिशी आली तरी पोरी!

सकाळी निर्णय कुणीच सांगितला नाही. फक्त जीपच्या टपावरून एक बॅग खाली उतरवली गेली. भाऊजी, जाऊ आणि बाबू शिर्डी, मनमाड, मालेगाव करत धुळ्याकडे निघाले. पुतणी आणि मी माळीवाडा स्टँडवर कल्याणच्या एसटीत बसलो. जीप वळताना बाबू खिडकीतून ओरडत होता, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. माळशेज घाट उतरेपर्यंत पुतणी रडत होती, आणि कल्याणला वडापाव खाऊन शांत झाली.

दोन वर्षं ती आमच्याकडे राहिली. सोपं नव्हतं. पहिले सहा महिने तिला गाड्यांच्या आवाजाने झोप यायची नाही, मी काही बोलले की गप्प बसायची, आणि एकदा तर वर्गातल्या मुलींना सांगून आली की माझे आईवडील नंदुरबारला सरकारी नोकरीत आहेत. मला कळलं तेव्हा रागावू की रडू कळेना. जाऊला मी ते आजवर सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेलच. आईची पत्रं येत नव्हती, फोन यायचा, तोही टेकडीवर जाऊन रेंज मिळाली तर. ‘‘मनोरमेचं बरं होतं,’’ पुतणी म्हणायची.

2025 साली ती बारावी झाली. नर्सिंगला गेली. कुणी सांगितलं नव्हतं, उलट जाऊच म्हणत होती, दुसरं काहीतरी बघ.

त्या मे महिन्यात जीप आली तेव्हा पुतणीने वही मागून घेतली. ओटीवर बसून पेन्सिलीने ठाण्याच्या एका नावावर काट मारली. जाऊ म्हणाली, ‘‘अगं, वर्षाला दहा हजार देतात ते!’’ पुतणी म्हणाली, ‘‘मी कमवायला लागले की मी देईन.’’ मग पुण्याच्या पानावर गेली. वाड्यातल्या बाईंच्या नावापुढे तिने लिहिलं, ‘मुक्काम दोन दिवस’. जाऊबाई काही बोलली नाही. रबर शोधत होती, पण मी तो उचलून आधीच फ्रिजवर ठेवला होता.

माझ्याही कपाटात आता बारा पाकिटं असतात. जुन्या कपड्यांचं गाठोडं बंद केलंय. आमचूरची पुडी मात्र मी हट्टाने दोन घेते, आमच्या वालाच्या बिरड्यात चिंचेऐवजी तोच घालते. आमच्या ह्यांना चव आवडत नाही, पण अजून तरी बोललेले नाहीत.